उसन्या नावाची मुलं

१९४२-४३ साली नेदरलँड्समध्ये एखादा ज्यू माणूस अचानक दिसेनासा झाला, की त्यासाठी एक शब्द होता: 'ओंडरडाउकन'. डच भाषेत त्याचा अर्थ पाण्याखाली बुडी मारणं. नाझी जर्मनीच्या ताब्यात गेलेल्या त्या देशात सुमारे २८,००० ज्यूंनी अशी बुडी मारली आणि त्यांतले १६,००० च्या आसपास जिवंत वर आले. त्यांत काही हजार मुलं होती. कुणी पाळण्यातलं, कुणी नुकतं बोलायला लागलेलं, कुणी शाळेत जाणारं. ही मुलं कशी वाचली आणि वाचण्यासाठी त्यांना काय द्यावं लागलं, ते या लेखात समजून घेऊ.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अ‍ॅन फ्रँकचं नाव शाळेत असतानाच ऐकलेलं असतं. त्यामुळे 'लपलेलं ज्यू मूल' म्हटलं की अ‍ॅम्स्टरडॅममधलं ते घर आठवतं. पुस्तकांच्या कपाटामागचं दार, वरच्या खोल्या, आणि तिथे आई, वडील, बहीण सगळे एकत्र. पण फ्रँक कुटुंबाचं लपणं हा अपवाद होता. स्वतःची मोठी जागा, बाहेरून अन्न आणून देणारी विश्वासू माणसं आणि पूर्वतयारीला मिळालेला वेळ एवढं सगळं फार थोड्यांच्या नशिबी होतं. बाकीच्यांना निवड करावी लागली, आणि ती बहुतेक वेळा एकच असायची: मूल एकीकडे, आपण दुसरीकडे.

का, ते शेजाऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं की कळतं. एक चार वर्षांची मुलगी घरात आली, तर 'बहिणीची मुलगी आहे, तिची आई आजारी आहे' असं सांगून भागतं. चार माणसांचं कुटुंब आलं तर काय सांगणार? म्हणून मुलाचं लपणं म्हणजे पोटमाळ्यावर बसून राहणं, असं बहुतेकदा नसायचं. ते दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, दुसऱ्या कुणाचं तरी मूल होऊन वावरणं होतं. या गोष्टीचं खरं वजन तिथेच आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते पटकन जाणवत नाही.

पकडलं ते कागदानं

आपल्याकडे ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्राएल आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून रायगडात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ते बोलतात मराठी, आडनावं गावावरून, बायकांची साडी आपल्यासारखीच. नेदरलँड्समधल्या ज्यूंचंही तसंच होतं. कित्येक पिढ्या तिथे राहिलेले, डच बोलणारे, शेजाऱ्यांसारखेच कपडे घालणारे. रस्त्यावरून जाणारं मूल ज्यू आहे की नाही, हे नुसतं बघून सांगता येत नसे. मग नाझींना ते कळलं कसं?

कागदावरून. जानेवारी १९४१ मध्ये हुकूम निघाला की प्रत्येक ज्यूनं स्वतःची नोंदणी करून घ्यावी. कायदा पाळायची सवय असलेल्या लोकांनी ती केली, आणि १,४०,००० च्या आसपास नावं सरकारदरबारी जमा झाली. ओळखपत्रावर मोठं 'जे' अक्षर उमटलं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरपालिकेनं तर शहराचा एक नकाशा तयार केला, त्यावर एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. तो नकाशा बनवणारे कर्मचारी डच होते, रोजच्यासारखे कचेरीत येऊन रोजच्यासारखं काम करणारे. मे १९४२ मध्ये कपड्यांवर पिवळा तारा शिवायची सक्ती झाली. जुलैत गाड्या सुटायला लागल्या: आधी देशातल्याच वेस्टरबोर्कच्या छावणीत, आणि तिथून पोलंडमधल्या आउशवित्झ आणि सोबिबोर या संहारछावण्यांत. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुमारे १,०७,००० माणसं नेली गेली. परत आली पाच हजारांच्या आसपास.

देश सपाट. लपायला डोंगर नाहीत, मोठी जंगलं नाहीत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खुद्द जर्मनी. पश्चिम युरोपात ज्यूंच्या मृत्यूचं सगळ्यात भयंकर प्रमाण नेदरलँड्समध्ये होतं, त्यामागची ही काही कारणं.

तेव्हा मूल वाचवायचं तर नुसतं घरातून उचलून चालत नव्हतं. आधी ते कागदावरून नाहीसं व्हायला हवं होतं.

पाळणाघर आणि ट्राम

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये प्लांटाज मिडनलान नावाचा रस्ता आहे. त्यावर एक नाट्यगृह होतं, 'होलान्ट्से स्खाउबुर्ग'. १९४२ च्या उन्हाळ्यापासून नाझींनी ते पकडून आणलेल्या ज्यूंना डांबायला वापरलं. प्रेक्षागृहात शेकडो माणसं, हवा नाही, झोपायला जागा नाही, गोंगाट. लहान मुलांच्या रडण्याचा त्रास पहारेकऱ्यांना होऊ लागला. म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मुलांना रस्त्यापलीकडच्या एका पाळणाघरात ठेवायला सुरुवात झाली. आई-वडील इकडे, मुलं तिकडे, आणि गाडीचा दिवस आला की मुलांना आणून आई-वडिलांच्या हाती द्यायचं.

पाळणाघर चालवत होत्या हेन्रिएट पिमेन्टेल, साठी ओलांडलेल्या एक ज्यू बाई. नाट्यगृहाच्या बाजूला नोंदी सांभाळायला होते वाल्टर झुसकिंड, जर्मनीत जन्मलेले ज्यू गृहस्थ. त्यांना जर्मन सफाईदार येत असे, अधिकाऱ्यांशी हसून-खेळून बोलता येत असे, आणि या गुणाचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. त्यांच्यासोबत फेलिक्स हाल्फरस्टाट. पाळणाघराच्या जवळच शिक्षक घडवणारं एक प्रॉटेस्टंट अध्यापक विद्यालय होतं, त्याचे प्रमुख योहान फान हुल्स्ट, वय तिशीच्या आसपास. पाळणाघराची मागची बाग आणि विद्यालयाची बाग एकमेकींना लागून होत्या.

काम तीन टप्प्यांत चालायचं.

पहिला टप्पा सगळ्यात कठीण, तो म्हणजे आई-वडिलांना विचारणं. पाळणाघरात काम करणाऱ्या मुली स्वतः अठरा-वीस वर्षांच्या. त्यांनी नाट्यगृहात जाऊन, चार दिवसांत गाडीत बसवल्या जाणार असलेल्या आईला कुजबुजत विचारायचं: तुमचं बाळ आमच्याकडे ठेवाल का? कुठे जाईल ते सांगता येणार नाही. कोण सांभाळेल तेही नाही. पुष्कळ आयांनी नाही म्हटलं. आज आपल्याला आउशवित्झ म्हणजे काय ते माहीत आहे, म्हणून ते 'नाही' चुकीचं वाटतं. त्या आईला एवढंच सांगितलं होतं की पूर्वेला कामाच्या छावणीत जायचंय. थंडीत, परक्या मुलखात, अशा वेळी लेकरू आपल्याजवळ असावं असं वाटणं यात चूक शोधायला मी तरी धजत नाही.

ज्यांनी हो म्हटलं, त्यांच्या मुलाचं कार्ड झुसकिंड आणि हाल्फरस्टाट नोंदींतून काढून टाकत. कार्ड नाही म्हणजे मूल आलंच नव्हतं. मग मोजदादीत कमी कोण भरणार? कधी कधी आई गाडीकडे जाताना दुपट्यात गुंडाळलेली बाहुली छातीशी धरून जायची, पहारेकऱ्याला बाळ दिसावं म्हणून.

तिसरा टप्पा बाहेर काढण्याचा. नाट्यगृहासमोरचे शिपाई पाळणाघराच्या दारावर नजर ठेवून असत. पण मधून ट्राम जायची. ट्राम आडवी आली, की तेवढे काही क्षण दार दिसत नसे. त्या क्षणांत कुणीतरी मुलाचा हात धरून बाहेर पडायचं आणि ट्रामच्या आडोशानं निघून जायचं. तान्ही बाळं पाठपिशवीत, कपड्यांच्या टोपलीत, पोत्यात. बाकीची मागच्या बागेतून, कुंपणावरून, फान हुल्स्ट यांच्या विद्यालयात. तिथे वर्गात लपवायची आणि संधी मिळताच पुढे पाठवायची.

सुमारे ६०० मुलं अशी वाचली. हा आकडा वाचताना मला दुसरा आकडाही लगेच आठवतो: जून १९४३ मध्ये फुख्त इथल्या छावणीतून दोन दिवसांत १,३०० च्या जवळपास मुलं सोबिबोरला पाठवली गेली. त्यांतलं कुणी मोठं झालं नाही.

जुलै १९४३ मध्ये पिमेन्टेलबाईंना पकडून नेलं. सप्टेंबरात आउशवित्झमध्ये त्यांचा खून झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ तारखेला, पाळणाघर रिकामं करण्यात आलं. फान हुल्स्ट यांना आधी कुणकुण लागली होती. ते पाळणाघरात गेले, तेव्हा समोर ऐंशी-नव्वद मुलं होती. जितकी नेता येतील तितकीच न्यायची, आणि जी राहतील ती मरणार हे पक्कं माहीत असताना निवडायची. त्यांनी बारा निवडली. पुढे ते १०७ वर्षं जगले, २०१८ साली गेले, आणि या दिवसाबद्दल बोलताना ते स्वतःलाच विचारत: बाराच का? तेरा का नाहीत? झुसकिंड यांनाही शेवटी नेण्यात आलं. बायको आणि लहान मुलगी आउशवित्झमध्ये मारल्या गेल्या, ते स्वतः १९४५ च्या सुरुवातीला मेले. इतरांची मुलं कार्डावरून गायब करणाऱ्या माणसाला स्वतःची मुलगी वाचवता आली नाही.

एका मुलामागे किती माणसं?

बाहेर काढलेलं मूल पुढे कुठे जायचं? बहुतेकदा कॉलेजातल्या पोरांच्या हाती. उट्रेख्त आणि अ‍ॅम्स्टरडॅममधल्या विद्यार्थ्यांनी गट केले होते. आणखी एका गटानं स्वतःला 'एन. व्ही.' म्हटलं. डच भाषेत कंपनीच्या नावापुढे ही अक्षरं लागतात, आपल्याकडच्या 'लिमिटेड'सारखी, आणि शब्दशः अर्थ 'बिननावाची मंडळी'. यांतल्या मुली बाळाला घेऊन आगगाडीत बसत. वीस वर्षांची अविवाहित पोरगी, मांडीवर मूल, आणि डब्यातल्या बायकांच्या नजरा. लोकांना काय वाटायचं ते वाटू द्यायचं, त्यातच बाळाची सुरक्षितता होती.

काळ्या केसांची, काळ्या डोळ्यांची मुलं दक्षिणेकडे लिम्बर्गला पाठवत, कारण तिथल्या खाणकामगारांच्या वस्त्यांत ती खपून जात. सोनेरी केसांची उत्तरेला फ्रीसलँडमध्ये. कुणाचे केस ब्लीच केलेले. सांगायची गोष्ट मात्र बहुतेकदा एकच असे: हे रॉटरडॅमचं मूल आहे. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी रॉटरडॅमचं मध्यवर्ती शहर बेचिराख केलं होतं, तिथल्या निराधार मुलाला आसरा देणं कुणाला विचित्र वाटलं नसतं.

मग प्रश्न पोटाचा. युद्धात सगळं रेशनवर. दूध, पाव, लोणी, साबण, कशालाही कूपन लागायचं, आणि जे मूल कागदावर नाहीच त्याला कूपन कुठून? म्हणून भूमिगत लोक रेशन कचेऱ्यांवर दरोडे घालत. मुलांच्या खर्चासाठी पैसेही लागत. उट्रेख्तच्या एका विद्यार्थ्यानं, नाझींनी गोळ्या घातलेल्या अठरा जणांवरची एक कविता चोरून छापून विकली आणि ते पैसे या मुलांसाठी वापरले. डच साहित्यातली एक नामवंत प्रकाशनसंस्था, 'द बेझिखे बाय', या धडपडीतूनच उभी राहिली. युद्धातल्या शौर्यकथांत बंदुका असतात. मला या गोष्टीतल्या कवितेच्या कागदाबद्दल आणि दुधाच्या कूपनाबद्दल जास्त आदर वाटतो.

या सगळ्याविरुद्ध दुसऱ्या पारड्यात होते साडेसात गिल्डर. लपलेला एक ज्यू पकडून दिला की मिळणारं बक्षीस, लहान मूल असलं तरी तेवढंच. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये डच माणसांचीच एक टोळी हा धंदा करत होती आणि १९४३ च्या मार्च ते सप्टेंबर या काळात तिनं आठ हजारांहून अधिक माणसं पकडून दिली. पोलंडमध्ये ज्यूला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता. नेदरलँड्समध्ये मदत करणाऱ्याला छावणीत पाठवलं जाण्याचा धोका होता. धोक्यात फरक असला तरी घराचं दार ठोठावलं की होणारी छातीची धडधड सारखीच असावी.

मोजायला बसलं, तर एका मुलामागे दहा-बारा माणसं सहज निघतात: विचारणारी, कार्ड काढणारा, दार उघडणारी, गाडीतून नेणारी, कूपन चोरणारा, पैसे देणारा, घरात ठेवणारं जोडपं, माहीत असून गप्प बसणारे शेजारी, डॉक्टर, शाळेतल्या बाई. यांतल्या एकानं तोंड उघडलं असतं तरी संपलं.

मुलाचं काम

या साखळीत एक माणूस आपण मोजायला विसरतो, ते मूल स्वतः. लपून राहणं हे त्याचं काम होतं, दिवसाचे चोवीस तास चालणारं.

नवीन घरात शिरताना पहिल्यांदा नाव जायचं. आडनाव तर हमखास, पुष्कळदा पहिलं नावही. 'आजपासून तू हा. विचारलं तर एवढंच सांगायचं.' मग नाती. घरातल्या बाईला मावशी किंवा काकू म्हणायचं, लहान मूल असेल तर आईच. मग देव. कॅथलिक घरात छातीवर क्रूसाची खूण कशी करायची, प्रॉटेस्टंट घरात जेवणानंतर बायबल वाचताना डोळे कधी मिटायचे. सहा वर्षांच्या ज्यू मुलाला येशूची प्रार्थना येत नाही हे गावातल्या कुणाच्याही एका जेवणात लक्षात येऊ शकत होतं. मुलग्यांना आणखी एक भीती होती. ज्यू मुलांची सुंता आठव्या दिवशी होते आणि त्या काळच्या डच ख्रिस्ती मुलांची होत नसे. म्हणजे नदीवर पोहायला जायचं नाही, दुसऱ्या मुलांसमोर कपडे बदलायचे नाहीत, लघवीलाही एकटंच.

वयानुसार हे ओझं वेगवेगळं पडायचं.

तान्ह्या बाळाला काहीच कळत नाही, म्हणून लोकांना वाटायचं त्याचं सोपं. त्याला ठेवणं सोपं होतं हे खरं. पण त्या बाळाला पुढे आपल्या जन्मदात्या आईची एकही आठवण असणार नव्हती. जी मांडी ओळखीची झाली, तीच आई.

तीन ते सहा वर्षांचं मूल सगळ्यात धोक्याचं, कारण ते बोलतं. मोठ्यांनी त्याला गप्प राहायला शिकवलं, आणि ते शिकलं. मुलं गप्प राहायला आश्चर्यकारक लवकर शिकतात. जुनं नाव घ्यायचं नाही, आईबद्दल विचारायचं नाही, रडायचं नाही. मग एक दिवस ते खरंच आठवेनासं व्हायचं. विसरणं हेच त्या मुलाचं सगळ्यात मजबूत संरक्षण होतं. ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही, त्याच्याकडून ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना सगळं आठवायचं, आणि तो त्यांचा त्रास होता. आई-वडील कुठे असतील याचा अंदाज त्यांना येऊ लागायचा. ज्यांच्या घरात राहतोय त्यांचा जीव आपल्यामुळे धोक्यात आहे, हेही कळायचं. म्हणून ती मुलं विलक्षण शहाण्यासारखी वागायची. कमी खायची, काम करायची, आजारी पडलं तरी सांगायची नाहीत.

सगळी घरं चांगली होती असं म्हणणं खोटं ठरेल. बहुतेकांनी माया केली. काहींनी पैशासाठी ठेवलं आणि पैसे थांबताच बाहेर काढलं. काही ठिकाणी मुलांना राबवलं, मारलं, काही ठिकाणी मुलांचं लैंगिक शोषण झालं. तक्रार करायची कुणाकडे? आणि कुठलंही घर कायमचं नव्हतं. शेजारी संशयानं बघायला लागले, रस्त्यावर झडती झाली, की पुन्हा दुसरं घर, दुसरं नाव. पुढे अ‍ॅम्स्टरडॅमचे महापौर झालेले एड फान थाइन लहानपणी १८ घरांत लपले होते, आणि शेवटी १९४५ च्या सुरुवातीला पकडलेच गेले. तोवर वेस्टरबोर्कहून पूर्वेला गाड्या जाणं बंद झालं होतं, म्हणून ते जगले.

पोटमाळ्यावरचं लपणंही होतंच. १९८१ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले रोआल्ड हॉफमन आज युक्रेनमध्ये असलेल्या एका खेड्यात, शाळेच्या माळ्यावर आईसोबत दीड वर्ष होते. वय पाच ते सात. आई तिथे पडलेल्या भूगोलाच्या पुस्तकांतून त्यांना शिकवायची, आणि माळ्याच्या फटीतून खाली खेळणारी मुलं दिसायची.

मुलापासून दूर होण्याचा आई-वडिलांचा निर्णय बरोबर होता की चूक, हे त्या घडीला कुणालाच कळू शकत नव्हतं. हे सांगताना मला इतिहासकार साउल फ्रीडलेंडर यांची हकीकत टाळता येत नाही. प्रागमध्ये जन्मले तेव्हा ते पावेल होते. कुटुंब पळून फ्रान्सला गेलं, तिथे पॉल झाले. १९४२ मध्ये आई-वडिलांनी त्यांना एका कॅथलिक वसतिशाळेत ठेवलं, बाप्तिस्मा झाला, नाव पॉल-आन्री. मुलगा सुरक्षित आहे म्हणून आई-वडील दोघंच स्वित्झर्लंडच्या सीमेकडे निघाले. सीमेवर त्यांना परत पाठवलं. त्या दिवसांत लहान मूल सोबत असलेल्या जोडप्यांना आत घेत होते. दोघंही आउशवित्झमध्ये मेले. मुलाला पाद्री व्हायचं होतं. युद्धानंतर एका पाद्रीनंच त्याला समोर बसवून ज्यूंचं काय झालं ते सांगितलं, आणि त्या मुलानं आपलं ज्यू असणं पुन्हा स्वीकारलं. नंतर इस्राएलमध्ये शाउल, मग साउल. एका आयुष्यात पाच नावं.

युद्ध संपलं, मग?

मे १९४५ मध्ये नेदरलँड्स मुक्त झालं. गोष्ट इथे संपायला हवी होती. मुलांसाठी ती इथून पुन्हा सुरू झाली.

ज्यांचे आई-वडील परत आले, त्यांचं नशीब थोर, असं सगळे म्हणाले. पण चार वर्षांच्या मुलीच्या बाजूनं बघा. दारात एक हाडकुळी, केस कापलेली, परकी बाई उभी आहे आणि ती म्हणतेय, 'मी तुझी आई.' मुलगी पळत जाऊन आपल्या 'आई'च्या पदराआड लपते. तिनं तीन वर्षं शिकलेलंच सगळं केलं: अनोळखी माणसापासून लपायचं. या वेळी लपली ती जन्मदात्या आईपासून.

आणि सुमारे २,००० मुलांचे आई किंवा वडील, बहुतेकदा दोघंही, परत आलेच नाहीत. ही मुलं आता कुणाची? आपल्याला पटकन 'दत्तक' हा शब्द सुचतो, पण नेदरलँड्समध्ये तेव्हा दत्तक घेण्याचा कायदाच नव्हता, तो १९५६ मध्ये आला. प्रश्न होता पालकत्वाचा, आणि तो सोडवायला सरकारनं १९४५ मध्ये एक आयोग नेमला. त्याच्या अध्यक्ष खेसिना फान डर मोलेन या कायदेपंडित, श्रद्धाळू प्रॉटेस्टंट, आणि स्वतः ज्यू मुलं वाचवण्याच्या कामातल्या. त्यांचं म्हणणं साधारण असं: मुलाचं हित पाहावं. ज्या घरात ते रुळलंय, तिथून उपटू नये. ज्यू समाजाचं म्हणणं: आमची चारांतली तीन माणसं गेली. या मुलांच्या आई-वडिलांनी मुलं जिवासाठी दिली होती, धर्म बदलायला नाही. आता उरलेली मुलंही ख्रिस्ती घरांत विरून गेली, तर नाझींना जे हवं होतं तेच होईल.

दोन्ही बाजूंना प्रेम होतं, म्हणून हा वाद इतका कडवट झाला. माझा कल ज्यू समाजाकडे जास्त आहे. आई-वडील मेले आहेत याचा अर्थ त्यांची इच्छाही मेली असा होत नाही, आणि ती इच्छा विचारायला फक्त त्यांचे नातेवाईक उरले होते. पण एखाद्या सात वर्षांच्या मुलाला पुन्हा एकदा सामान बांधून, पुन्हा नव्या घराच्या दारात उभं करताना त्याला काय वाटलं असेल, हे आठवलं की माझंही मत डळमळतं. बरीच मुलं नातेवाइकांकडे किंवा ज्यू अनाथाश्रमांत गेली. काही शेकडो ख्रिस्ती घरांतच राहिली. काही ठिकाणी सांभाळणाऱ्यांनी मूल द्यायला नकार देऊन, न्यायालयाचा आदेश असतानाही ते वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. जे मूल नाझींपासून लपलं होतं, ते आता स्वतःच्या समाजापासून लपवलं जात होतं.

या मुलांचं पुढे काय झालं, हे एका माणसानं नीट तपासलं. हान्स केइलसन, जर्मन ज्यू, मनोविकारतज्ज्ञ. युद्धात ते स्वतः डेल्फ्टमध्ये खोट्या नावानं राहिले होते आणि भूमिगत चळवळीतर्फे लपलेल्या मुलांना भेटून त्यांच्याशी बोलत होते. त्यांचे आई-वडील आउशवित्झमध्ये मारले गेले. या अनाथ मुलांपैकी २०४ जणांचा त्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला आणि १९७९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. आघात ही एकदाच घडून जाणारी घटना आहे, असं तोवर मानलं जात होतं. केइलसन यांनी त्याचे तीन टप्पे मांडले. पहिला, घरातच असताना वाढत गेलेली भीती. दुसरा, ताटातूट आणि लपणं किंवा छावणी. तिसरा, युद्धानंतरची वर्षं.

त्यांना आढळलं ते असं. दोन मुलं घ्या. एकाचं लपणं तुलनेनं सुखाचं गेलं, पण युद्धानंतर त्याचं कुणी ऐकलं नाही, त्याला इकडून तिकडे फिरवलं. दुसऱ्यानं युद्धात अतोनात सोसलं, पण नंतर त्याला समजून घेणारं, त्याच्या गेलेल्या आई-वडिलांबद्दल बोलू देणारं घर मिळालं. पंचवीस-तीस वर्षांनी दुसरं मूल पहिल्यापेक्षा बरं होतं. म्हणजे जखम किती खोल राहणार, हे ठरवण्यात शांततेच्या काळातल्या माणसांचा हात युद्धाइतकाच, कदाचित जास्त होता. आज युद्धातून आलेल्या मुलांसोबत काम करणारे लोक हे तीन टप्पे वापरतात.

त्या मुलांना मात्र वर्षानुवर्षं एकच ऐकावं लागलं: 'तू तर लहान होतास, तुला काय आठवणार? तू तर छावणीत नव्हतास, तुझं नशीब.' छावणीतून परतलेल्यांसमोर आपलं दुःख मांडायची त्यांना लाज वाटायची. म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहणं त्यांना येतच होतं. मे १९९१ मध्ये न्यूयॉर्कला लपून वाचलेल्या मुलांचा पहिला मोठा मेळावा झाला, १,६०० च्या आसपास माणसं जमली. पन्नाशी-साठी गाठलेली, डॉक्टर, शिक्षक, आजी-आजोबा झालेली. त्यांतल्या कित्येकांनी आपली हकीकत आयुष्यात पहिल्यांदाच त्या मेळाव्यात सांगितली.

फान हुल्स्ट यांच्या विद्यालयाच्या जागी आता नेदरलँड्सचं राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे, मार्च २०२४ मध्ये ते उघडलं. समोरच्या नाट्यगृहाच्या जागी स्मारक. त्या बागेच्या कुंपणावरून गेलेलं सगळ्यात लहान बाळही आज ऐंशी ओलांडून गेलंय. त्यांच्यापैकी काहींकडे आईचा एखादा फोटो आहे, लग्नातला किंवा ओळखपत्रावरचा, कोपऱ्यात 'जे' असलेला. काहींकडे तोही नाही.